किर्ती कुठे दिसत नाही

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, आजपासून वर्ग पुन्हा सुरू. देवदत्तच्या कंपनीतून मिळालेली या वर्षीची डायरी कोरीच पडून होती. तिची शेवटची पानं तरी कामी लावावीत म्हणून लिहायला बसले.

शिवाय घरात सध्या अबोला आहे, त्यामुळे संध्याकाळी वेळच वेळ. लग्न झाल्यापासून बघतेय, देवदत्तचा स्वभावच तसा. चिडला की आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. नुसता बोलायचा थांबतो, बघायचा थांबतो, आणि मनात येईल तेव्हा पुन्हा सुरू होतो. आमच्या शेजारी रोज भांडी आपटतात. त्यापेक्षा आमचं बरं, असं मी सगळ्यांना सांगते. या वेळचा अबोला भाऊबीजेपासून सुरू झालाय. कारण मला नीट कळलेलं नाही. सॉरी म्हणून पाहिलं, पण तेव्हा टीव्ही मोठ्याने चालू होता.

असो. वर्गाचं लिहिते. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर सासूबाईंचं वन रूम किचन रिकामं होतं. जूनमध्ये तिथे मी शिशुवर्ग काढला. पन्नाशीला आलेल्या बाईला हे काय सुचलं, असं अख्ख्या अंबरनाथ पूर्वेत बोलून झालं, पण मुलं आली. साडेतीन ते पाच वर्षांची. इथे धपाटा नाही, चिमटा नाही, कोपऱ्यात उभं करणं नाही, हे मी पालकांना पहिल्याच दिवशी सांगते.

आज सगळ्यांना स्वतःचं चित्र काढायला लावलं. बालवाडीच्या तीन महिन्यांच्या कोर्समध्ये शिकवलं होतं की या वयात मुलाला ‘मी’ म्हणजे कोण हे कळू लागतं, ते चित्रात उतरतं. हिमानीने कागदाच्या मधोमध छान बाहुली काढली, फ्रॉकला बटणंसुद्धा. किर्तीला कागद पुरला नाही. डोकं आणि दोन वेण्या कागदावर, पोट अर्धं चटईवर आणि पाय सरळ फरशीवर. वर म्हणते, “ही मी. अजून मोठी होणारे.” फरशी पुसता पुसता माझी कंबर गेली.

ही किर्ती मोरिवलीची. आईवडील दोघंही कारखान्यात, त्यामुळे आजी कौसाबाई तिला आणते-नेते. पोरगी गोड आहे पण फार आवाज. प्रत्येक गोष्टीत मी आधी, मी आधी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज किर्ती हिमानीच्या मनगटाला चावली. आगगाडी खेळत होतो, इंजिन कोणी व्हायचं यावरून. दातांचे वण उठले. हिमानीची आई बँकेत आहे, मोजकं बोलते, पण वर्ग बदलायलाही वेळ लावायची नाही.

हात उगारायचा नाही, हे तर ठरलेलंच. मग मला एकदम सुचलं. लहानपणी माझी मावशी आमच्याशी खेळायची तो खेळ. मी कपाळावर हात धरला, चहूकडे पाहिलं आणि म्हटलं, “अगंबाई, किर्ती कुठे गेली? मला तर कुठे दिसत नाही! तुम्हाला दिसते का रे?” मुलं एवढी खूश झाली. नाही दिसत, नाही दिसत, सगळ्यांनी सूर धरला. किर्तीही हसली. माझ्या तोंडासमोर हात हलवून म्हणाली, “ही काय मी.” मी तिच्या डोक्यावरून खिडकीकडे पाहिलं. ती माझ्या पदराला लोंबकळली, तरी मी पाहिलं नाही. ते जमायला सराव लागतो, पण मला सवय आहे.

थोड्या वेळाने तिचं हसू थांबलं. मग मी हवेत बघून नियम सांगितला: किर्ती सॉरी म्हणाली की पुन्हा दिसायला लागणार.

नंतर डबे उघडायची गडबड झाली. अल्पेशचं झाकण निघेना, बुद्धभूषणचा वरणभात सांडला. किर्ती माझ्या पाठीशी उभी राहून काहीतरी पुटपुटत होती. मी वळले तेव्हा ती गप्प होती. सॉरी काही म्हणाली नाही. हट्टी आहे. पण घरी जाईपर्यंत एकही भांडण नाही. बिनहाताची शिस्त यालाच म्हणतात.

२० नोव्हेंबर

खेळ मी आज सोडून दिला होता. किर्तीला नेहमीसारखी हाक मारली, तर हिमानी म्हणाली, “टीचर, ती दिसत नाही ना. सॉरी कुठे म्हटलं?” मला हसू आलं. मुलांना नियम किती नीट लक्षात राहतात! म्हटलं, बरं बाई, नाही दिसत. किर्ती दिवसभर भिंतीशी बसून होती. आवाज नाही. वर्ग असा शांत जूनपासून कधी नव्हता.

२६ नोव्हेंबर, बुधवार

खेळ मुलांनी आपापलाच चालू ठेवलाय. मी काही सांगत नाही. हिमानी खाऊचे कागद वाटते, ते किर्तीला सोडून पुढे जाते, आणि तेही तिच्याकडे न बघता. बुद्धभूषण तर आज गोष्टीच्या वेळी सरळ तिच्या मांडीवर जाऊन बसला. जागा रिकामी आहे असं समजून. किर्ती ओरडेल, ढकलेल म्हणून मी पुढे झाले. तिने काहीच केलं नाही. त्याचं ओझं मांडीवर घेऊन गोष्ट ऐकत राहिली. मला आधी हसू आलं आणि मग कसंतरीच झालं. का ते कळलं नाही.

संध्याकाळी देवदत्त फोनवर इलेक्ट्रिशियनला सांगत होता, आज नको, घरी कोणी नाही. मी समोरच मेथी निवडत होते. त्याला म्हणायचं असणार की तो स्वतः बाहेर निघालाय.

२ डिसेंबर, मंगळवार

वर्गात नवीनच खूळ. अल्पेश उल्हासनगरहून व्हॅनने येतो. आज तो दारातच अडला. म्हणे, “टीचर, अंदर कोई है.” त्याच्या डब्यातली बिस्किटं रोज कमी होतात, चपला जागच्या हलतात, मागून कोणीतरी शर्ट ओढतं, वळलं की कोणी नसतं. मग बाकीच्यांनाही सगळं आठवायला लागलं. कोणी म्हणालं खडू आपोआप पडला, कोणी म्हणालं मोरीत कोणीतरी बोलतं. हिमानी कधी घाबरत नाही, तीही माझा हात सोडेना. किर्ती खिडकीशी उभी राहून हे सगळं ऐकत होती.

मी सगळ्यांना घेऊन मोरीत गेले, बादली दाखवली, पडद्यामागे पाहिलं. बघा, कोणी नाही. परत येताना माझा पदर मागून हलकेच ओढला गेला. मी वळले नाही. का वळले नाही, हे आता लिहिताना विचारते आहे. मुलांसमोर घाबरलेलं दिसू नये म्हणून असेल.

दुपारी कौसाबाईंनी थांबवलं. पोर घरात बोलत नाही, खाटेखाली जाऊन बसते, म्हणाल्या. मीठ-मिरच्या उतरवून झाल्या. “आन् रोज रातच्याला मना इचारते, आजी, मी हाय का? आता याला कं सांगाचा, बाई?” मी त्यांना समजावलं की या वयात कल्पनाशक्ती वाढते. कोर्सच्या पुस्तकात तसा धडा आहे. त्यांनी मान डोलावली, पण माझ्या बोलण्याने त्यांना बरं वाटलेलं दिसलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज फोटोंचा खेळ घेतला. सगळ्यांचे फोटो चटईवर मांडायचे, आणि ज्याच्याशी खेळायला आवडतं त्याचा फोटो प्रत्येकाने आपल्या डब्यात टाकायचा. कोणाला मित्र कमी आहेत ते यातून कळतं. हिमानीच्या फोटोवर उड्या पडल्या. किर्तीचा फोटो चटईवरच राहिला. मुलांनी तो टाळला असंही नाही. त्यांचे हात त्याच्यापाशी येऊन थांबतच नव्हते.

मी किर्तीपाशी बसले. फोटो तिच्या हातात दिला, विचारलं, ही कोण? तिने बराच वेळ पाहिलं. जूनमधला फोटो, तोंडभर हसणारी, वेण्यांना लाल रिबिनी. म्हणाली, “ही होती.” आवाज एवढा बारीक की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

मग चित्र काढायला दिलं. तिने सगळी मुलं काढली, गोल करून, हात धरलेली. एका ठिकाणी दोन मुलांचे हात नुसतेच पुढे आलेले, मध्ये कागद कोरा. तू कुठेस, मी विचारलं. तिने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

हे चित्र मी पालकांच्या फळ्यावर लावणार होते, लावलं नाही. सोमवारपासून तिच्याकडे जरा जास्त लक्ष द्यायचं ठरवलं आहे. रोज जाताना मुलं दोनदा मोजायचीही सवय लावून घ्यायला हवी. हल्ली मोजताना एक कमीच भरतं, मग पुन्हा मोजावं लागतं.

९ डिसेंबर, मंगळवार

झालं तसं सगळं लिहून काढते.

आज वर्ग सुटल्यावर मुलं एकेक करून गेली. हिमानीच्या आईशी दारात थोडं बोलले, वर्ग बदलायचं तिने मनातून काढलंय म्हणाली, मला हायसं वाटलं. आत येऊन पंखे बंद केले, चटयांवर नजर फिरवली. खोली रिकामी होती. कुलूप लावून वर घरी आले, कुकर लावला.

कुकर व्हायच्या आत कौसाबाई दारात. घामाघूम, तीन जिने चढून. “पोर कुठं हाय, बाई? वर्गाला कुलूप हाय.” मी म्हटलं, तुम्ही नेलीत ना मघाशी? त्यांना आज रिक्षा मिळाली नव्हती, त्या आत्ताच येत होत्या.

आम्ही धावलो. बाजाराच्या रस्त्याने मी, मोरिवलीच्या रस्त्याने त्या. रिक्षावाल्यांना विचारलं, भाजीवाल्यांना विचारलं, चार वर्षांची मुलगी, निळा फ्रॉक. प्रत्येक जण म्हणाला, नाही दिसली. एकाने तर विचारलं, “बाई, तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?” आणि मला ते सांगता येईना. डबा खाताना पाहिली का? गोष्टीच्या वेळी? सकाळी आली तरी होती ना? मी अख्खा दिवस आठवून पाहिला आणि त्यात ती कुठे सापडेना.

परत आले तेव्हा कौसाबाई वर्गाच्या खिडकीशी उभ्या राहून हाका मारत होत्या. खिडकीला आतून पडदा. “किर्ते, गो किर्ते.” आतून काही नाही. पोलिसात द्यायला फोटो हवा म्हणून मी कुलूप काढलं.

ती खोलीच्या मध्यात बसली होती. पडद्यामागे नाही, मोरीत नाही. ऐन मध्यात, चटईवर, हात गुडघ्यांवर ठेवून, दप्तर पाठीला. ज्या जागेवरून मी नजर फिरवली होती, नेमकी तिथे. रडलेली नव्हती. कौसाबाईंनी तिला उचलून छातीशी धरलं आणि तिला झोडपायलाच लागल्या, मग मुके घ्यायला लागल्या. “कवाधरनं बोलावते मी तुला. ओ का नाय दिलीस गो?”

“ओ दिली मी,” किर्ती म्हणाली. “खूप वेळा दिली.”

आम्ही दोघी खिडकीशी होतो. आम्हाला काही ऐकू आलेलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

किर्ती येणार नाही असं वाटलं होतं. आली. घरी ठेवायला कोणी नाही. कौसाबाईंनी एवढंच सांगितलं की पोरगी अशीच राहिली तर गावाला तिच्या आत्याकडे धाडतील. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगून टाकलं: खेळ संपला, किर्ती दिसते, मला अगदी स्पष्ट दिसते. हिमानी समजुतीच्या सुरात म्हणाली, “टीचर, तिने सॉरी म्हटलंच नाही.” मी म्हटलं, नसू दे. तर म्हणे, असं कसं, तूच सांगितलं होतंस.

तेवढ्यात बुद्धभूषण म्हणाला की तिने म्हटलं होतं. त्याचा वरणभात सांडला त्या दिवशी. टीचरच्या पाठीला म्हटलं होतं.

मी किर्तीला विचारलं, हो का गं? तिने खाली पाहिलं. मग आता एकदा सगळ्यांसमोर म्हण आणि विषय संपव, मी म्हटलं. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. आलेला नाही असं मुलं म्हणाली, आणि मी तरी दुसरं काय म्हणू? मलाही आला नव्हता.

तिला मी खरंच ऐकलं नव्हतं का, त्या दिवशी? डब्यांची गडबड होती. एवढंच खरं सांगता येतं.

१५ डिसेंबर, सोमवार

काहीच चालत नाही. तिला इंजिन केलं, तर मागे डबे जोडलेच गेले नाहीत. इंजिन एकटं खोलीभर फिरलं आणि भिंतीशी जाऊन थांबलं. तिचा हात धरून सगळ्यांना हात लावायला दिला, तर अल्पेश थंड आहे म्हणाला आणि हात पँटला पुसला. मुलं दुष्ट नाहीत. त्यांना ती खरंच भासते पण दिसत नाही, अशी त्यांची खात्री झाली आहे. कोर्सच्या बाईंना फोन करून सल्ला विचारला. मुलांना हे कोणी शिकवलं, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण मला तो फोन ठेवल्यावर ऐकू येत राहिला.

आज मला स्वतःचीच भीती वाटली. किर्ती समोर बसली होती, मी तिच्याशी बोलत होते, आणि बोलता बोलता माझी नजर तिच्यावरून घसरून खिडकीकडे गेली. मुद्दाम नाही. पुन्हा तिच्यावर आणली, पुन्हा घसरली.

घरी तसंच. देवदत्त पानावर बसतो, जेवतो, उठतो. आज मीठ घालायला विसरले होते. त्याने मीठ मागितलं नाही. अळणी जेवला. एवढा संयम माझ्यात नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज देवदत्त वर्गात आला होता.

वर्गाच्या मागच्या बाजूला इमारतीचा मीटरबॉक्स आहे, त्याची किल्ली माझ्याकडे असते. सोसायटीचा माणूस खाली थांबला होता. देवदत्त दारात उभा राहिला. मुलांना त्याने छान हाय केलं, बुद्धभूषणचे गाल ओढले. मग हिमानीला म्हणाला, “बाळा, तुमच्या टीचरना विचार बरं, मीटरबॉक्सची किल्ली कुठे आहे?” मी हिमानीच्या शेजारीच उभी होते.

हिमानीने मला विचारलं. मी तिला म्हटलं, काकांना सांग, मागच्या खिळ्याला आहे. तिने सांगितलं. तो माझ्या अंगावरून मागे गेला, किल्ली घेतली, परत जाताना म्हणाला, “टीचरना सांग, संध्याकाळी जेवायला नाही.” हिमानीने तेही सांगितलं. आमच्याकडे हे असंच चालतं, मला त्यात काही वाटलं नाही. मुलं मात्र एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

तो गेल्यावर किर्ती भिंतीपासून उठली. चालत माझ्यासमोर आली. तिने माझ्या चेहऱ्याकडे इतकं निरखून पाहिलं की मी खालीच बसले. तिने माझ्या गालाला हात लावला. गार नव्हता, चांगला ऊन होता.

“त्या काकांना तू दिसत नाहीस?” तिने विचारलं. मोठ्याने. खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

हिमानी ओरडली, “किर्ती बोलली!” अल्पेश म्हणाला, “आ गई.” बुद्धभूषण तिच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला आणि तिची वेणी ओढून पाहिली. तिने त्याचा हात झटकला. कितीतरी दिवसांनी झटकला. मला रडूच आलं. पण तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. तिला माझ्याकडून उत्तर हवं होतं.

“मी चावले होते,” ती म्हणाली. “तू पण चावलीस का?”

नाही गं, मी म्हटलं.

“मग?”

सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मी आठवत होते. भाऊबीजेचा दिवस आठवला, त्याआधीचा गणपती, त्याआधीचे सगळे अबोले. सापडलं नाही. सॉरी म्हटलं होतं मी, तिला सांगितलं. तिने मान डोलावली, तिला ते कळलं होतं. “त्यांना ऐकू नाही आलं,” ती म्हणाली आणि माझ्या मांडीत येऊन बसली. दुपारी कौसाबाई आल्या तेव्हा ती हिमानीशी इंजिनावरून भांडत होती. कौसाबाई दारातच बसून राहिल्या, मग डोळ्यांना पदर लावला.

देवदत्त बाहेर जेवून आला आणि बातम्या लावून बसला. मी स्वयंपाकघरातून उठले आणि टीव्ही आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. बराच वेळ झाला. मग त्याने मान डावीकडे वाकवली आणि माझ्या कमरेच्या कडेने टीव्ही बघायला लागला. मी त्याच बाजूला सरकले. त्याने मान उजवीकडे वाकवली.

म्हणजे मी त्याला दिसते. सगळी दिसते, आणि पहिल्यापासून दिसत होते.